बाई ठेवणे आहे, कायदेशीर, अर्धा दिवस

भातगिरणीत महत्त्वाचं काही बोलू नये, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता. मी वाढलो कोथरूडला, तिसऱ्या मजल्यावर, आणि आमच्या घरी तांदूळ हा डब्यात उगवत असे. पुढे उमेदीची सगळी वर्षं जर्मनीत गेली. तिथे तांदूळ खोक्यात उगवतो. त्यामुळे गिरणी नावाच्या ठिकाणी केवढा आवाज असतो आणि तो कधी अचानक थांबतो, याचं ज्ञान मला पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, कामशेतच्या पुढे पवनेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात, चारचौघींच्या साक्षीनं झालं.

आधी मी तिथे काय करत होतो ते सांगतो. बायको जर्मन. इंजिनियर आहे, आणि माझ्यासारखी नाही, म्हणजे खरोखरची. तिच्या कंपनीनं तिला दोन-तीन वर्षांसाठी आंबीजवळच्या कारखान्यावर पाठवलं. तिच्याबरोबर आमची लेक आली आणि त्या दोघींबरोबर मी आलो. पासपोर्ट माझाही आता तिकडचा. म्हणजे कोथरूडचा पोरगा मावळात परदेशी पाहुणा म्हणून राहायला आला, आणि कंपनीच्या कागदांत त्याची नोंद ‘सोबतचा जोडीदार’ अशी झाली. माझ्या आईनं ते वाचून विचारलं, म्हणजे सामानात धरलंय का तुला? तसंच काहीसं होतं.

गावाच्या कडेला एक बंगला भाड्यानं घेतला. बायको सकाळी गाडीनं आंबीला जायची आणि मी लेकीला सांभाळायचो. लेक अडीच वर्षांची. गावाला या व्यवस्थेची मोठी गंमत वाटे. रस्त्यानं जाणारी माणसं फाटकाशी थांबून मला दोरीवर चड्ड्या वाळत घालताना बघत आणि पुढे जात. वाईट कुणी बोललं नाही. फक्त एकदा एका म्हाताऱ्यानं फार मायेनं विचारलं, “कामधंदा काय सापडंना व्हय?”

सापडत नव्हताच. आणि मग सापडला. आंबीच्या एका ट्रेनिंग सेंटरमध्ये जर्मनीला जाऊ इच्छिणाऱ्या पोरांना जर्मन शिकवायचं, आठवड्यातून तीन सकाळी. पगार बेताचा होता, पण मला पगार नकोच होता. मला माणसं हवी होती. दीड वर्षात मी एखाद्या प्रौढ व्यक्तीशी पूर्ण वाक्य बोललो असेन तर ते गॅस सिलिंडरवाल्याशी, आणि तोही हल्ली सिलिंडर फाटकाबाहेर ठेवून पळून जायला लागला होता. ही नोकरी गेली असती तर मी भिंतीशी बोलायला लागलो असतो, आणि भिंत घरमालकाची होती. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी रुजू व्हायचं ठरलं.

बायकोला आनंद झाला आणि तिनं ताबडतोब अट घातली. लेकीला बघायला जी कोणी येईल ती कायदेशीर असली पाहिजे. म्हणजे अठरा वर्षांच्या वरची, लेखी करार केलेली, ठरलेली सुट्टी, पोलिसांकडे नोंद. तिच्या कंपनीचा नियमच होता तसा. परदेशातून आलेल्या कर्मचाऱ्याच्या घरी कुणी तोंडी बोलीवर राबताना आढळलं तर त्याची रवानगी परत. शिवाय नियम नसता तरी तिनं तेच केलं असतं. तिच्या देशात अशा बाईला ‘दिवसाची आई’ म्हणतात. तिला परवाना असतो, ती आपल्या घरी चार पोरं सांभाळते आणि आजारी पडली तर पोस्टानं कळवते. मी म्हटलं, अगं, इथे हे सगळं विश्वासावर चालतं. ती म्हणाली, चांगलं आहे, तू विश्वास लेखी घेऊन ये.

मी शोधायला लागलो. लोणावळ्यातल्या पाळणाघरात गेलो. तिथल्या ताई म्हणाल्या, पूर्ण दिवस ठेवा, अर्ध्या दिवसाची मुलं पूर्ण दिवसाच्या मुलांना बिघडवतात. पुण्याच्या एका एजन्सीला फोन केला. त्यांच्याकडे चोवीस तासवाल्याच होत्या. तीन सकाळी म्हटल्यावर पलीकडच्या माणसानं असा सुस्कारा सोडला की मलाच अपराधी वाटलं. खंडाळ्याच्या एका हॉटेलात पाहुण्यांच्या पोरांना सांभाळणारी मुलगी असते असं ऐकून तिथेही जाऊन आलो. ती मुलगी पोरांना जोकरचं नाक लावून हिंदी गाण्यांवर नाचवायची. माझी लेक तिला बघून टेबलाखाली गेली आणि आइस्क्रीम दाखवल्याशिवाय बाहेर आली नाही.

राहता राहिलं गाव. गावात ओळखीची जागा एकच, भातगिरणी, कारण घरमालकानं दिवाळीला नव्या भाताचं पोतं भेट दिलं होतं आणि ते सडून आणायचं होतं. गिरणीवाले आबा म्हणजे गावाची टपाल कचेरी. त्यांच्या कानात टाकलं की संध्याकाळपर्यंत धरणापर्यंत पोचतं, असं घरमालकच म्हणाला होता. मी गुरुवारी पोतं घेऊन गेलो.

आमच्याकडे गुरुवारी लाईट जाते. हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मलाही होतं, पण त्या क्षणी आठवलं नाही.

गिरणीत पाच-सहा बाया पोती टेकून बसल्या होत्या. पट्टा फिरत होता, कोंडा उडत होता, आबांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. कानाला तोंड लावलं तरी ऐकू येईना, म्हणून मी पोटातून ओरडलो, “आबा, कामाला बाई ठेवायचीय! कुणी आहे का ओळखीत?”

मी ‘कामाला’ म्हणालो होतो. आजही लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगेन. पण ते ‘कामाला’ पट्ट्याच्या आवाजात गेलं, नेमकी तेव्हाच लाईट गेली, आणि त्या अचानक पसरलेल्या शांततेत माझं उरलेलं वाक्य पत्र्याला आपटून सगळ्यांच्या पदरात पडलं.

“बाई ठेवायचीय! कुणी आहे का ओळखीत?”

आबांनी भुवयांवरचा कोंडा पुसला. मग हळूच विचारलं, “कुनाला?”

“मलाच,” मी म्हटलं. “म्हणजे आम्हाला.”

“कायमची?”

“छे छे. अर्धा दिवस. आठवड्यातून तीन सकाळी. पूर्ण वेळ मला झेपणारही नाही.”

एका बाईनं पदर तोंडात घातला. मला वाटलं, कोंड्यामुळे.

“वयाचं काय?”

“अठराच्या वरची पाहिजे, कायद्याची अट आहे. पण खरं सांगू का, चाळिशीच्या पुढची, अनुभवी असली तर उत्तम.”

“आन् म्याडम?” आबांचा आवाज आता इतका खाली गेला होता की मला पुढे वाकावं लागलं.

“अहो, अट तिचीच आहे,” मी मोकळेपणानं, सगळ्या बायांना ऐकू जाईल असं म्हणालो. “ती म्हणते, ठेवायची तर कायदेशीर ठेव, स्टॅम्पपेपरवर लिहून दे. चोरून ठेवलेली तिला चालत नाही. तिकडे सगळेच ठेवतात. आमच्या शेजाऱ्यांनी तर दोन ठेवल्या होत्या.”

आबा म्हणाले, “बगतो,” आणि लाईट आली का ते बघायला बाहेर गेले. लाईट आली की पट्टा आपोआप फिरतो, ते बघायला बाहेर जावं लागत नाही. पण हे माझ्या लक्षात नंतर आलं. त्या दिवशी मी फार समाधानानं घरी आलो. बायकोला सांगितलं की गाव मदतीला तयार आहे, सगळ्यांनी अगदी कान देऊन ऐकलं.

दुसऱ्या दिवसापासून गाव बदललं. दुकानात गेलो की आतल्या बाया मागच्या दारानं जात. पलीकडच्या आळीतली एक बाई आधी झाडलोटीला ‘बगते, येते’ म्हणाली होती. तिनं निरोप पाठवला की गुडघा दुखतोय. तिला मी त्याच संध्याकाळी डोक्यावर लाकडाचा भारा घेऊन चढावरून येताना पाहिलं, आणि गुडघ्याच्या जिद्दीचं मनातल्या मनात कौतुक केलं. पुरुष मात्र एकदम जवळ आले. आजवर नुसती मान हलवणारे आता थांबून हात मिळवत. प्लंबर काम करून पैसेच घेईना. एक जण मोटरसायकल थांबवून, इकडे-तिकडे बघून म्हणाला, “जर्मनीचा व्हिसा लय अवघड आसतो का?” मी म्हटलं, भाषा आली तर सोपा. तो म्हणाला, “भाषेचं बगू. पन तितं बायकांना चालतंय, ह्ये नक्की ना?” मी म्हटलं, बायकांना सगळं चालतं, फार मोकळा देश आहे. तो इतका विचारात पडला की गाडी सुरू करायची विसरला.

शनिवारी ट्रेनिंग सेंटरमधून फोन आला, पुढचा सोमवार पक्का ना सर? मी म्हटलं, शंभर टक्के. फोन ठेवला तेव्हा लेक माझ्या चपलेत वरण ओतत होती.

रविवारी सकाळी फाटकाशी एक मावशी येऊन उभी राहिली. उंच, काळी, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. मागच्या आळीत ज्या घराच्या दारावर पंचशीलाचा झेंडा आहे, तिथे राहणारी. ही अंगणवाडीत मदतनीस होती, नुकतीच निवृत्त झालेली. गावातल्या बहुतेक सगळ्या तरण्या माणसांची नाकं हिनंच पुसली होती आणि त्यांना ते आठवत होतं. सरपंचही हिच्यासमोर बिडी लपवतो, असं ऐकून होतो. मी उठून, या मावशी, बसा, म्हणालो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सरळ बागेत पाणी घालणाऱ्या माझ्या बायकोकडे गेली.

इथे हे सांगायला हवं की माझ्या बायकोला मराठी येतं, म्हणजे कारखान्यापुरतं येतं. वाक्यं छोटी आणि ठाम. शंका असली तर ती आणखी ठाम होते.

“बाई,” मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. “ह्यांनी गिरनीत काय सांगितलं, तुमाला म्हाईत हाय?”

“हो,” बायको म्हणाली. “माहीत आहे.”

“आन् तुमाला चालतंय?”

“मीच सांगितलं. लवकर पाहिजे. पुढच्या सोमवारपर्यंत.”

मावशीचा हात खांद्यावरून निघाला. ती पायरीवर बसली. बायकोला वाटलं, तिला पगाराविषयी चिंता आहे, म्हणून तिनं भर घातली, “आम्ही दोघं मिळून निवडणार. आणि तिला सुट्टी देणार. रविवारी.”

मावशीनं पदरानं वारा घेतला. ती बराच वेळ मला आणि माझ्या चेहऱ्यावरच्या उत्साहाला न्याहाळत होती. मग तिच्या कपाळावर एक आठी आली. लबाडी पकडताना पोरासमोर येत असेल तशी.

“ती आली, की तुमी कुटं आसनार, बाई?”

“फॅक्टरीत.”

“आन् ह्ये?”

“तो पण जाणार. कामाला.”

“दोगंबी न्हाईत?” मावशी उभी राहिली. “मंग ती ठिवायची कुनापायी?”

उत्तर घरातूनच आलं. लेक दारात उभी होती, एका पायात बूट, दुसरा पाय उघडा, आणि जिवाच्या आकांतानं ओरडत होती, “शू! शू!”

मावशीनं एक क्षण घालवला नाही. सगळी हयात जो शब्द ऐकल्यावर धावायचं, तो ऐकल्यावर ती धावली. लेकीला उचललं, जास्वंदीमागे नेलं, चड्डी सोडली आणि उकिडवी धरली. लेक अवाक झाली. पण आता आलोच आहोत तर, असा विचार तिनं केला असावा, कारण जास्वंदीला भरपूर पाणी मिळालं. मग मावशीनं तिला खाली ठेवल्यावर तिनं उघडा पाय पुढे केला आणि दमून, समजूत घातल्यासारखं म्हणाली, “शू.”

जर्मनमध्ये ‘शू’ म्हणजे बूट. हे मी मावशीला समजावून सांगितलं.

“म्हंजी,” मावशी म्हणाली, “तुमच्या घरात एकालाबी धड बोलता येत न्हाई.”

मग तिनं मला पायरीवर बसवलं आणि मी गिरणीत नक्की काय बोललो ते मला ऐकवलं. शब्दशः. आबांनी एका वेळी दोन-दोन गिऱ्हाइकांना ते करून दाखवलं होतं, माझ्या आवाजात. ‘पूर्ण वेळ झेपणार नाही’ हे वाक्य म्हणे तळेगावपर्यंत गेलं होतं. चाळिशीच्या पुढची, अनुभवी. शेजाऱ्यांनी दोन ठेवल्या होत्या. प्लंबरनं पैसे का घेतले नाहीत ते कळलं. तो मला मान देत होता.

“पण मी ‘कामाला’ म्हणालो होतो, मावशी.”

“मंग कुटं गेलं त्ये?”

“गिरणीत.”

मावशी हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, बायकोनं पाणी आणलं, काय झालं म्हणून विचारलं, आणि मला तिला जर्मनमध्ये समजावून सांगावं लागलं की मराठीत कामाला बाई ठेवतात तेव्हा ती मोलकरीण असते, आणि नुसतीच बाई ठेवतात तेव्हा ती मोलकरीण नसते. आणि तू आत्ता तिला रविवारची सुट्टी देऊ केलीस. बायकोनं हे शांतपणे ऐकलं. मग ती घरात गेली आणि दार लावून घेतलं. आतून जो आवाज आला तो रडण्याचा होता की हसण्याचा, हे मी अजून विचारलेलं नाही.

मी मावशीला म्हटलं, मग तुम्हीच या ना. तुमच्याइतकी अनुभवी कोण? ‘अनुभवी’ म्हटल्यावर जीभ चावली.

मावशी गंभीर झाली. तिचं म्हणणं सरळ होतं. आता त्या फाटकातून जी बाई आत जाईल ती ‘ठेवलेली’. तिचे केस पांढरे आहेत म्हणून गाव तिला सोडणार नव्हतं, उलट पांढऱ्या केसांची जास्त मजा. “माजा नातू कालिजात हाय. त्याला पोरं काय म्हनतील? तुमाला नोकरी पायजेल, व्हय. मला माजं नाव पायजेल.”

लेक तिच्या मांडीवर चढली होती आणि अंबाड्यातला आकडा उपसत होती. मावशी तिला अडवत नव्हती. नजर माझ्यावर होती, हात लेकीच्या पाठीवर. मग ती म्हणाली, “तुमी बाई ठिवूच नका. पोरगी ठिवा. माज्याकडं, माज्या घरात. म्या तुमच्या बंगल्यात पाऊल टाकनार न्हाई.”

तिकडे जिला ‘दिवसाची आई’ म्हणतात ती ही. मला हे जर्मनीतल्या पालकसभेतच कळलं असतं, पण तेव्हा मी सिगरेट ओढायला बाहेर गेलो होतो.

तिच्या दोन अटी होत्या. एक, कागद करायचा, आणि तो तिच्यासमोर वाचून दाखवायचा. कायद्याचं नाव काढलंय ना, मग कायद्यानंच. दोन, गिरणीतलं गिरणीत निस्तरायचं. कधी, ते ती सांगेल.

बुधवारी मी आणि मावशी लोणावळ्याला गेलो, बाजारातल्या एका चिक्कीच्या दुकानावरच्या माळ्यावर बसणाऱ्या एजंटाकडे. आमच्या बंगल्याचा करार त्यानंच केला होता. लोणावळ्यात करार म्हटलं की एकच, बंगला भाड्यानं देण्याचा, अकरा महिन्यांचा. एजंटाला दुसरा कुठला येतच नव्हता. पण तो खचला नाही. म्हणाला, “सर, फॉरमॅट तोच वापरू, ‘जागा’ काढून ‘बालिका’ टाकतो. कॉम्प्युटर आपोआप बदलतो.” आणि कॉम्प्युटरनं आपोआप बदललं.

तो वाचायला लागला. सदर बालिका आजपासून अकरा महिन्यांकरिता ताब्यात देण्यात येत आहे. बालिकेच्या भिंतींना खिळे ठोकू नयेत. बालिकेचा वापर व्यावसायिक कारणांसाठी करू नये. बालिकेत पोटभाडेकरू ठेवू नये. मुदत संपल्यावर सदर बालिका, नैसर्गिक झीज वगळता, आहे त्या स्थितीत परत करावी.

मावशीनं हसता हसता डोळे पुसले. “आन् अकरा महिन्यांनी? पोर रिकामी करायची व्हय?”

“करार रिन्यू होतो, मावशी,” एजंट म्हणाला. “दहा टक्के वाढवून.”

“काय, पोर?”

पोर तर वाढणारच होती. एजंटानं खिळे आणि पोटभाडेकरू काढून टाकले, झीज मात्र ठेवली. म्हणाला, झीज काढली तर पुढे भांडणं होतात. मग मावशीनं आपल्या सुट्ट्या घालून घेतल्या. पौर्णिमेला सुट्टी. भाताच्या लावणीत पोरगी शेताच्या बांधावर येणार, चिखलात बसणार, त्याची तक्रार चालणार नाही. मी सगळ्याला हो म्हणत होतो. एजंट टाइप करत करत शेवटच्या कलमाशी आला. “सदर कामाबद्दल मावशींना दरमहा मानधन...”

“ह्ये खोडा,” मावशी म्हणाली.

एजंटाला कळेना. तो म्हणाला, मानधन हा मानाचा शब्द आहे, मी मुद्दाम घातला.

“सगळी नोकरी मानधनावर गेली माजी. सरकारात बी मानधनच म्हनायचे.” ती हसत नव्हती. माळ्यावर पहिल्यांदाच खालच्या दुकानातला गुळाचा वास जाणवला. “काम केलं, पन पगार कुनी लिवला न्हाई. हितं पगार लिवा.”

एजंटानं पगार लिहिलं. मावशीनं चष्मा काढून, कागद जवळ नेऊन, तेवढा एक शब्द स्वतः वाचला. मग सही केली. मी जन्मभर कागदांवर सह्या करत आलोय, पण माझी सही त्या दिवशी तिच्या सहीखाली अगदी पोरकट दिसली.

कराराचं इंग्रजी भाषांतर बायकोच्या कंपनीला पाठवलं. तिथल्या बाईंचा फोन आला की सगळं उत्तम आहे, फक्त मुलीच्या नैसर्गिक झिजेबद्दल थोडं स्पष्टीकरण हवंय. बायकोनं स्पष्टीकरण दिलं. काय दिलं, ते मला कळू दिलं नाही.

राहिली गिरणी. मावशीनं मला गुरुवारी बोलावलं. मी म्हटलं, अहो मावशी, गुरुवारी लाईट जाते.

“म्हनूनच. लाईट गेली की समदं नीट ऐकू येतंय.”

गिरणीत त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त पोती होती. काही बाया पोती न घेताच आल्या होत्या. मी कोपऱ्यात उभा राहून मनातल्या मनात वाक्य घोकत होतो, प्रत्येक शब्द तपासून, क्रियापद शेवटी, ‘कामाला’ दोनदा. पट्टा फिरत होता. आबा माझ्याकडे बघून कोंड्यातून हसत होते. आणि लाईट गेली.

मी तोंड उघडलं. सगळ्या बायांचे डोळे बघून घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. गिरणीभर माणसं वाट बघत होती आणि जर्मन शिकवायला निघालेल्या माणसाला मराठी सुचत नव्हतं.

मावशी पुढे झाली. कमरेवर हात ठेवून, अंगणवाडीत रांग लावताना जो लावायची त्या आवाजात ती म्हणाली, “ऐका गं. ह्यांची पोर म्या ठिवून घेतलीया. माज्या घरात, कायद्यानं, पगारावर. समजलं?” मग ती थोडी थांबली. “ह्यांनाबी ठिवून घेनार व्हते. पन म्याडम न्हाई म्हनल्या. म्हनल्या, पूर्न वेळ झेपनार न्हाई तुमाला.”

मी जर्मनीत बर्फाचा कडा कोसळताना ऐकलाय. त्याहून मोठा आवाज भातगिरणीतल्या बायांच्या हसण्याचा होता. आबांना पोत्यावर बसावं लागलं. कोपऱ्यात ती गुडघेदुखीवालीही होती, ती दोन्ही गुडघ्यांवर हात मारून हसत होती. मीही हसलो, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि हसता हसता लक्षात आलं की आजवर फाटकाशी थांबणारी ही माणसं पहिल्यांदा माझ्याबरोबर हसत होती. म्हणजे माझ्यावरच हसत होती, पण मी तिथे असताना.

मी निघताना आबा म्हणाले, “तांदूळ घेऊन जावा. सडून ठेवलाय कवापासून. पैसं न्हाई घ्यायचो. तुमी लय दिलंय.”

सोमवारी सकाळी लेकीला घेऊन मावशीच्या घरी गेलो. खिशात रुमाल घेतला होता, लेकीसाठी. ती पहिल्या दिवशी रडेल, असं सगळ्या पुस्तकांत लिहिलंय. मावशीच्या अंगणात कोंबडी होती. लेक माझा हात सोडून कोंबडीमागे गेली आणि वळूनही पाहिलं नाही. मी उंबऱ्याशी उभा राहिलो. मावशीला खाण्याच्या वेळा सांगितल्या. मग बुटांचा दुसरा जोड दिला आणि ‘शू’ म्हणाली तर आधी पायाकडे बघा, म्हणून सांगितलं. मग खाण्याच्या वेळा पुन्हा सांगायला लागलो.

मावशी तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या रुमालाकडे पाहिलं.

“जावा की आता,” ती म्हणाली. आणि मग, गिरणीत हरवलेली वस्तू सापडल्यावर मालकाच्या हातात ठेवावी तसं, सावकाश म्हणाली, “कामाला.”